आडात किती, पोहऱ्यात किती

प्रवेशाचा मोसम सरला की माझ्या पत्त्यावरची पत्रं वाढतात. एका विद्यापीठाच्या प्रवेश विभागात मी एकतीस वर्षं काढली. पहिली अकरा चौकशीच्या खिडकीत, उरलेली आकड्यांच्या टेबलावर. तेवढ्या भांडवलावर संपादकांनी हे सदर माझ्या गळ्यात बांधलं. या खेपेची पत्रं थोडी काटछाट करून देते आहे. कोणाचंही नाव छापत नाही, कारण बहुतेकांच्या वरिष्ठांना हे सदर वाचायची सवय आहे.

प्रश्न : ताई, एकाच आठवड्यात मी दोन बातम्या वाचल्या. एक म्हणते, उच्च शिक्षण घेणाऱ्यांची संख्या आजवरची सर्वाधिक. दुसरी म्हणते, विद्यापीठांत जागा रिकाम्या, काही बंद पडायच्या बेतात. दोन्ही खऱ्या कशा असतील? — एक निवृत्त लेखापाल

लेखापालांनी हे मला विचारावं, याची गंमत वाटली. जमा आणि शिल्लक यांतला फरक तुम्ही जन्मभर इतरांना समजावला असेल. पटसंख्या ही शिल्लक आहे, यंदाचे प्रवेश ही जमा. अभ्यासक्रम चार वर्षांचा असेल तर आज पटावर जी मुलं दिसतात त्यांतली तीन चतुर्थांश आधीच्या वर्षांत आलेली असतात. यंदा पहिल्या वर्षाला निम्मीच मुलं आली तरी एकूण पट आठव्या हिश्शानेच घटतो आणि तो आकडा बैठकीत कोणालाच टोचत नाही. दुसऱ्या वर्षी तसंच झालं तर ‘जरा घट आहे’ म्हणतात. चौथ्या वर्षी भरलेली शेवटची तुकडी पदवी घेऊन बाहेर पडते आणि मग सगळे एकदम विचारतात, अचानक काय झालं? अचानक काहीच झालेलं नसतं.

आता तिसरा आकडा घ्या, प्रवेशक्षमतेचा. जागा रिकाम्या राहतात त्या दोन कारणांनी. मुलं कमी झाली म्हणून, किंवा जागा भरमसाट वाढवल्या म्हणून. मुलं वाढत असताना जागा त्याहून वेगाने वाढल्या, की विक्रमही होतो आणि बाकही रिकामे राहतात. तुमच्या दोन्ही बातम्या इथे एका घरात नांदू शकतात.

जगाचा आकडा पाहिला तर वाढ खरीच आहे. २००० सालाच्या सुमारास जगभरात उच्च शिक्षणात दहा कोटींच्या आसपास विद्यार्थी होते, आता ते पंचवीस कोटींच्या पुढे गेले आहेत. पण ही वाढ सगळीकडे सारखी नाही. जपानमध्ये अठरा वर्षांच्या मुलामुलींची संख्या १९९२ साली साधारण साडेवीस लाख होती, २०२३ साली ती अकरा लाखांवर आली होती. त्याच २०२३ मध्ये तिथल्या निम्म्याहून अधिक खासगी विद्यापीठांना आपल्या ठरलेल्या जागा भरता आल्या नाहीत. दक्षिण कोरियात तर म्हणच पडली आहे, की चेरीला बहर येईल त्या क्रमाने विद्यापीठं बंद होतील. बहर दक्षिणेकडून वर सरकतो. म्हणजे उत्तरेकडच्या राजधानी सोलपासून जे जितकं लांब, त्याच्यावर पाळी तितकी आधी.

टक्केवारीच्या बातम्यांबद्दलही एक सांगून ठेवते. ‘नोंदणीचं स्थूल प्रमाण’ नावाचा जो आकडा छापतात त्या अपूर्णांकात वर कोणत्याही वयाचा विद्यार्थी चालतो, खाली मात्र ठरावीक वयोगटाची लोकसंख्या असते. आपल्या देशाच्या सर्वेक्षणात तो गट १८ ते २३ वर्षांचा धरतात आणि २०२१-२२ साली प्रमाण २८.४ टक्के आलं होतं. युनेस्को पाच वर्षांचा गट धरते. त्यामुळे दोन तक्त्यांतले आकडे शेजारी ठेवून ‘आपण मागे पडलो’ असं ओरडण्याआधी खालची टीप वाचावी. हे प्रमाण शंभराच्या वरही जातं. ग्रीसचं तर दीडशेच्या पुढे गेलं होतं, कारण तिथे अभ्यासक्रम किती वर्षांत संपवायचा याला दीर्घकाळ बंधन नव्हतं आणि केव्हाच वर्गात यायची थांबलेली मंडळीही पटावर होती. समाजशास्त्रज्ञ मार्टिन ट्रो यांनी १९७३ साली विभागणी केली होती. पंधरा टक्क्यांपर्यंत शिक्षण मोजक्यांचं, पंधरा ते पन्नास बहुजनांचं, त्यापुढे सर्वांचं. ती विभागणी अजून वापरात आहे, पण ती वापरतानाही टक्के कशाचे हे विचारावं लागतंच.

आणि तारीख. तारखेवर माझा जीव आहे. एका वर्षी वार्षिक अहवालासाठी मी पहिल्या वर्षाचे प्रवेश ११८४ असे कळवले. प्रवेश बंद झाला त्या संध्याकाळचा आकडा होता तो. परीक्षा विभागाने पहिल्या परीक्षेच्या अर्जांवरून १०३१ कळवले. अहवालात दोन्ही आकडे छापून आले, एक चौथ्या पानावर आणि एक बावीसाव्या. कोणाच्याही लक्षात आलं नाही. मी मात्र ते १५३ जण शोधत बसले. काहींचे अर्ज दोनदा नोंदले गेले होते, काहींनी दोन ठिकाणी शुल्क भरून दुसरी जागा धरली होती. पण निम्म्याहून जास्त असे निघाले की शुल्क भरलं आणि आलेच नाहीत. त्यांना एकानेही फोन केलेला नव्हता. पुढच्या वर्षापासून मी प्रत्येक आकड्याशेजारी तारीख लिहायला लागले. साहेब म्हणाले, तक्ता दिसायला वाईट दिसतो.

प्रश्न : मॅडम, मी भाषेचा प्राध्यापक आहे. आमच्या विभागात विद्यार्थी कमी झाले म्हणून प्रत्येकाने सुट्टीत शाळा-शाळांत फिरून निदान पंधरा प्रवेश ‘आणावेत’ असं फर्मान निघालं आहे. आम्ही शिक्षक की फिरते विक्रेते?

सर, तुमचा राग मला पटतो, पण पूर्ण नाही. शाळेत जाऊन आपला विषय सांगणं यात कमीपणा कसला? उलट तुमच्याइतकं चांगलं ते कोण सांगणार? वाईट आहे तो ‘पंधरा’ हा आकडा. माणशी कोटा ठरला की माणूस पंधरा विद्यार्थी शोधत नाही, पंधरा सह्या शोधतो. खिडकीत असताना अशा सह्यांची बाडं मी पाहिली आहेत. एकाच अक्षरातल्या, एकाच शाईच्या. त्यांतले किती वर्गात दिसले ते सांगत नाही, तुम्हाला अंदाज असेल.

तुम्ही दोन गोष्टी मागून घ्या. पहिली, फलक आणि रंगीत पुस्तिका यांच्यावरचा खर्च किती आणि त्यातून किती चौकशा आल्या याचा हिशेब. बहुतेक ठिकाणी तो नसतो. चौकशीच्या अर्जावर ‘आमच्याविषयी कुठून कळलं’ असा रकाना असतो आणि कारकून गर्दीत तो स्वतःच भरून टाकतो. मीही भरला आहे. ‘मित्राकडून’ लिहायला सोपं जातं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची : जो मुलगा किंवा मुलगी येऊ शकते पण येत नाही, ती का येत नाही हे विचारण्याची मुभा. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाने २०१५ साली सुरू केलेला एक प्रयोग मला फार आवडतो. हुशार पण गरीब घरच्या मुलांना त्यांनी पत्रं पाठवली : तुम्हाला प्रवेश मिळाला तर चार वर्षांचं शुल्क माफ, उत्पन्नाचे कागद भरायची गरज नाही. त्यांतल्या बहुतेकांना आर्थिक मदत तशीही मिळालीच असती. फरक इतकाच की ती मिळणार हे आधी, ठामपणे आणि घरी कळवलं; पत्र पालकांनाही गेलं, मुख्याध्यापकांनाही. पत्र न गेलेल्या तशाच मुलांपैकी २६ टक्क्यांनी अर्ज केला, पत्र मिळालेल्यांपैकी ६८ टक्क्यांनी. प्रत्यक्ष दाखल झाले ते १२ विरुद्ध २७ टक्के. आपल्याकडची तऱ्हा उलटी असते. मुलाने आधी यावं, शुल्क भरावं, मग सवलतीचा अर्ज करावा आणि वर्षअखेरीस निर्णय व्हावा. वरातीमागून घोडं.

नुसती माहिती वाटून असं होईल, असं मात्र समजू नका. त्याच देशात माहितीची पाकिटं घरपोच पाठवून आधी एका अभ्यासात चांगला परिणाम दिसला होता. मग तिथल्या प्रवेशपरीक्षा घेणाऱ्या ‘कॉलेज बोर्ड’ या संस्थेने तो उपक्रम लाखो विद्यार्थ्यांसाठी केला तेव्हा कुठे जायचं याच्या निवडीत काही फरक पडला नाही. मुलांना माहिती कमी पडत नव्हती. त्यांना हमी हवी होती.

तेव्हा शाळांत जरूर जा, पण दुसऱ्या वर्षाचे दोन विद्यार्थी सोबत न्या आणि प्रश्नांच्या वेळी तुम्ही बाहेर व्हरांड्यात थांबा. तुमच्यासमोर मुलं ‘ग्रंथालय कसं आहे’ विचारतील. तुम्ही बाहेर गेल्यावर खरे प्रश्न निघतील.

प्रश्न : एका छोट्या शिक्षणसंस्थेचा मी विश्वस्त आहे. पाच वर्षांत पहिल्या वर्षाचे प्रवेश चौथ्या हिश्शाने घटले. सल्लागार म्हणतात, कृत्रिम बुद्धिमत्तेचा अभ्यासक्रम सुरू करा आणि जाहिरात तिप्पट करा. बाई, तुमचं मत?

सल्लागारांना एकच विचारा : तुमच्या परिसरात आज आठ वर्षांची मुलं किती आहेत? उत्तर आलं नाही तर त्यांचं बिल थांबवून ठेवा.

आडात नाही ते पोहऱ्यात येत नाही, आणि या धंद्यात आडातलं पाणी अठरा वर्षं आधी मोजता येतं. जपानचंच उदाहरण देते. तिथल्या जुन्या पंचांगात साठ वर्षांनी एकदा ‘अग्नी-अश्व’ वर्ष येतं आणि त्या वर्षी जन्मलेली मुलगी नवऱ्याच्या मुळावर येते असा समज होता. १९६६ हे तसं वर्ष. १९६५ साली १८ लाखांवर बाळं जन्मली होती, १९६६ साली सुमारे साडेतेरा लाख, १९६७ साली पुन्हा १९ लाखांवर. १९८४ मध्ये ही तुकडी अठराची झाली. तिथल्या कोणत्याही विद्यापीठाला ‘अचानक’ म्हणायची सोय नव्हती. आकडा अठरा वर्षं सरकारी पुस्तकात छापून पडलेला होता. (२०२६ हे पुन्हा अग्नी-अश्व वर्ष आहे. त्याचा परिणाम बघायला मी नोकरीत नाही, बरं झालं.)

अमेरिकेचंही तसंच. २००७ साली तिथे ४३ लाखांच्या वर जन्म झाले, तो उच्चांक. मग मंदी आली, जन्म उतरत गेले. २००७ मध्ये अठरा मिळवा. ‘कडा’ म्हणून तिथे ज्याची इतकी चर्चा चालते तो २०२५ नंतरचा उतार हाच.

पण जन्माचा आकडा म्हणजे सगळं नव्हे. मंदी आली, नोकऱ्या आटल्या की लोक शिकायला परततात. अमेरिकेत विद्यार्थीसंख्या शिगेला पोहोचली ती २००८ च्या पडझडीनंतर, २०१० साली. पुढे नोकऱ्या सावरल्या तसे दोन वर्षांच्या अभ्यासक्रमांची कम्युनिटी कॉलेजं सर्वांत आधी ओसरली. म्हणून तुमच्या घटीचे भाग पाडा. मुलंच कमी झाली का, शिकणाऱ्यांचा हिस्सा घटला का, की शिकणारे शेजारच्याकडे गेले? तिन्हींवर औषध वेगळं आहे. जाहिरात फक्त तिसऱ्यावर चालते, तीही शेजारी तिप्पट जाहिरात करेपर्यंत.

नव्या अभ्यासक्रमाबद्दल माझा अनुभव ऐका. आमच्याकडे एक नवा अभ्यासक्रम निघाला, पहिल्याच वर्षी साठच्या साठ जागा भरल्या. भाषणं झाली. मी गुणवत्ता यादी जुन्या यादीशी ताडून पाहिली. साठांतल्या एकेचाळीस जणांनी आमच्याच शेजारच्या विभागातलं नाव काढून इकडे टाकलं होतं. त्या विभागाला पुढच्या वर्षी घटीचा खुलासा मागण्यात आला. तो खुलासा मीच टंकून दिला.

आता तुमच्या पत्रात ओझरतं येऊन गेलेलं एक वाक्य पकडते : ‘दुसऱ्या वर्षाला साधारण पाऊण वर्ग उरतो.’ अहो, खरं भोक तिथे आहे! धरा की तुम्ही चारशे घेता आणि शंभर गळतात, म्हणजे दुसऱ्या वर्षी तीनशे. ही गळती पंचवीसवरून पंधरा टक्क्यांवर आणली तर तीनशे चाळीस राहतील. एकही नवा प्रवेश न करता. तेच तीनशे चाळीस जाहिरातीने मिळवायचे तर पहिल्या वर्षाला चारशे त्रेपन्न मुलं आणावी लागतील. ही त्रेपन्न मुलं कुठून आणणार ते सल्लागारांना विचारा. गळणाऱ्या शंभर जणांचे पत्ते मात्र तुमच्या कपाटात आहेत.

अटलांटातल्या जॉर्जिया स्टेट विद्यापीठाने हे कपाट उघडलं. थोडक्या थकबाकीपायी नाव कमी होणाऱ्या विद्यार्थ्यांची यादी काढून ती बाकी विद्यापीठाने स्वतः भरायला सुरुवात केली, २०११ पासून. आणि प्रवेश पक्का करूनही सत्राच्या पहिल्या दिवशी न येणाऱ्यांसाठी २०१६ मध्ये मोबाइलवर उत्तरं देणारी यंत्रणा बसवली. कोणता कागद राहिला, कोणती तारीख उलटतेय, एवढंच ती सांगायची. न येणाऱ्यांचं प्रमाण सुमारे पंचमांशाने उतरलं. तिकडे या प्रकाराला ‘उन्हाळ्यातलं वितळणं’ म्हणतात. माझ्या त्या १५३ जणांतले बरेचसे असेच वितळलेले होते.

कृत्रिम बुद्धिमत्तेचा अभ्यासक्रम सुरू करायचाच असेल तर करा. शिकवणारे आहेत का, एवढं आधी पाहा.

प्रश्न : मावशी, मला तीन विद्यापीठांतून रोज फोन येतात. ‘दोनच जागा उरल्यात, आज शुल्क भरलं तर सवलत.’ खरं असेल का? आईबाबा घाबरून भरायला निघालेत. — बारावी झालेली एक वाचक

आधी आईबाबांना बसव आणि पाणी दे.

बाळा, ज्यांच्या खरोखर दोनच जागा उरल्या असतील त्यांना फोन करायला सवडच नसते, समोर रांग असते. फोन करणाऱ्या मुलामुलींवर रागावू नकोस. रोज किती फोन लावले याचा हिशेब त्यांना द्यावा लागतो आणि त्यांच्यापुढे लिहून दिलेला कागद असतो. तू कागदाबाहेरचं विचार : मागच्या वर्षी पहिल्या वर्षाला किती जण आले आणि आज दुसऱ्या वर्षात किती आहेत? नाव काढून घेतलं तर शुल्कातलं किती परत मिळतं, हे कोणत्या नियमात लिहिलंय? तो नियम आत्ता मला पाठवता का? पहिल्या प्रश्नाला ‘सांगतो’ आणि तिसऱ्याला ‘आधी भरा’ असं आलं तर फोन ठेव.

घाई लावणं ही जुनी युक्ती आहे आणि ती बड्या देशांतही चालते. इंग्लंडमध्ये काही विद्यापीठं मुलांना सांगत, आम्हाला पहिली पसंती दे, मग परीक्षेत गुण कितीही पडोत, जागा तुझी. मुलं सुखावायची आणि अभ्यास सैल सोडायची. २०२० साली तिथल्या नियामकाने ते थांबवलं. अमेरिकेत पूर्वी प्रवेश विभागांच्या संघटनेचा संकेत होता, की मुलाने एकदा जागा पक्की केली की दुसऱ्याने त्याला गळ घालायची नाही. यामुळे स्पर्धेला बाधा येते असा आक्षेप सरकारच्या न्याय विभागाने घेतला आणि २०१९ मध्ये संघटनेने तो संकेतच काढून टाकला. म्हणजे जागा घेतल्यावरही फोन येऊ शकतात. फोन म्यूट करता येतो ना? मला नातवाने शिकवलं.

प्रश्न : परदेशी विद्यार्थी आणून रिकाम्या जागा भरणं हा सोपा मार्ग नाही का?

सोपा आहे, पण त्याची किल्ली दुसऱ्याच्या खिशात असते. ऑस्ट्रेलियाने मार्च २०२० मध्ये सीमा बंद केल्या आणि परदेशी विद्यार्थ्यांसाठी त्या उघडल्या डिसेंबर २०२१ मध्ये. मधल्या काळात परदेशी शुल्कावर चालणाऱ्या विद्यापीठांची काय दशा झाली असेल ते पाहा. कॅनडाने जानेवारी २०२४ मध्ये शिक्षण परवान्यांवर मर्यादा जाहीर केली, वर्षाला सुमारे ३ लाख ६० हजार, आधीपेक्षा ३५ टक्के कमी. त्याच महिन्यापासून ब्रिटनमध्ये बहुतेक परदेशी विद्यार्थ्यांना कुटुंब सोबत आणायला मनाई झाली. यांतला एकही निर्णय कुठल्याही प्रवेश विभागाने घेतलेला नव्हता. विद्यार्थी कुठलेही असोत, हरकत नाही. पण एकाच देशातून येणाऱ्यांच्या भरवशावर वसतिगृह बांधायला काढू नका.

प्रश्न : मागच्या अंकात आपण लिहिलंत की इंग्लंडमध्ये विद्यार्थीसंख्येवरची मर्यादा २०१२ साली उठली. माझ्या माहितीप्रमाणे ते साल २०१५. कृपया खुलासा करावा.

तुमचं बरोबर. २०१२ मध्ये मर्यादा सैल झाली ती फक्त वरच्या गुणांच्या विद्यार्थ्यांपुरती, पुढच्या वर्षी गुणांची अट थोडी खाली आणली आणि सरसकट मर्यादा उठली ती २०१५-१६ पासून. मी सैल होणं आणि उठणं एकच धरलं. आकड्याशेजारी तारीख लिहायचा हट्ट धरणाऱ्या बाईकडून हे व्हावं, याची मलाच लाज वाटते. माझ्या टाचणात मी साल नीट उतरवलं होतं आणि शेजारी ‘अंशतः’ असं लिहिलं होतं. मजकूर पक्का करताना तो शब्द मीच गाळला, कारण वाक्य लांब होत होतं.